लघुग्रहाला आजीचं नाव?
प्रश्न: रात्री होडीवर असलो की आकाश लखलखीत दिसतं, पैसे भरून एखाद्या लघुग्रहाला आजीचं नाव देता येईल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: भाऊ, पैसे अजिबात भरू नका, ही नावं विकत मिळतच नाहीत. आधी तात्पुरता कोड मिळतो, कक्षा पक्की झाली की नंबर, आणि मग शोधणारा नाव सुचवतो, त्याला 10 वर्षं असतात, शेवटी आंतरराष्ट्रीय खगोल संघाची कमिटी ठरवते. नाव 16 अक्षरांच्या आत हवं, राजकारणी असेल तर मृत्यूला 100 वर्षं झालेली हवीत. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून 1988 ला सापडलेला 4130 नंबरचा लघुग्रह म्हणजे रामानुजन! आणि 300128 हा पंडित जसराज, आकड्याच्या दोन-दोनच्या जोड्या शेवटून वाचा, 28-01-30, त्यांची जन्मतारीख, मला हे फार आवडतं.