एका आईचा प्रश्न: मुलगी दुसरीत आहे, तिचे शाळेचे चार्ट रात्री जागून करते. सतत थकवा, चिडचिड. हा बर्नआउट, म्हणजे ताणानं पार पिचून जाणं, की माझा आळस? ‘स्वतःशी मायेनं वागा’ म्हणतात, ते नेमकं कसं?

आळशी बाई रात्री अकराला चार्ट पेपरवर चित्रं चिकटवत बसत नाही. तो विषय मिटला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत ‘यलो डे’ होता. मेसेज मी वाचलेला, आणि साफ विसरले. सकाळी व्हॅनवाल्या मामांनी हॉर्न दिला, दार उघडलं, तर आत सगळी पोरं हळदीत घोळवल्यासारखी. माझीच तेवढी युनिफॉर्ममध्ये. रडली नाही, काचेतून नुसती बघत राहिली. तेच जास्त लागलं. पिवळा ड्रेस शोधायला गाडी काढून राजारामपुरीच्या बाजारात गेले. साडेसातला कुठलं दुकान उघडं असतंय? मग रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मनसोक्त रडले.

त्याच महिन्यात मैत्रिणीचा मुलगा डबाच विसरून गेलेला. तिला मी म्हणाले होते, “असू दे गं, कुणीतरी दोन घास दिले असतील.” स्वतःला मात्र दिवसभर नालायक म्हणत होते. तिला दिलं ते ‘असू दे गं’ स्वतःलाही द्यायचं, माया म्हणतात ती एवढीच.

‘यलो डे’च्याच संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, “आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत?” वाढवलीत की. पण तुमच्या घरात सासू होत्या, दोन जावा होत्या, शाळा गल्लीच्या तोंडाला होती. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. आणि जागतिक आरोग्य संघटनाही वन्संच्याच बाजूची! २०१९ मध्ये त्यांनी बर्नआउटची व्याख्या केली, ती फक्त नोकरीधंद्यापुरती. आईपण त्यात बसत नाही. बेल्जियमच्या रोस्कम आणि मिकोलायचाक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पालकांच्या बर्नआउटचा वेगळा अभ्यास केला, म्हणून बरं. अंगातलं त्राण जाणं, पोरांपासून मन तुटणं, आईपणाचाच वीट येणं, हे सगळं त्यात आहे.

तुम्ही एक करा, शाळेचा ग्रुप नवऱ्याच्या फोनवर टाका. मी टाकला. ‘रेड डे’ ते विसरले. वन्सं म्हणाल्या, “पुरुषांच्या कुठं ध्यानात राहतंय!”

हां, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, थकवा तिथलाही असतो. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं तर माझं उत्तर वाचत बसू नका, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलतात.