रिफ्टजवळचा (जमीन ताणून फाटते त्या पट्ट्याजवळचा) स्ट्रेस, म्हंजे खडकातला दाब-ताण, मोजाचा हाये? मंग आधी दिशा समजून घे
भाऊ, गावात बोअरवेलची गाडी पाह्यलीच असंन तू, तसल्याच पण खोल, उभ्या बोअरच्या इमेज लॉगवर (बोअरच्या भिंतीच्या चित्रावर) समोरासमोरच्या दोन बाजू झडलेल्या दिसतात, त्याले ब्रेकआउट म्हणतात, अन् नवीन पोट्टे तीच जास्त दाबाची दिशा धरून बसतात. ती असते कमी आडव्या दाबाची, जास्तीची तिच्या काटकोनात. पूर्व आफ्रिकेच्या रिफ्टमदी जमीन साधारण पूर्व-पश्चिम ताणल्या जाते, तिथं फोकल मेकॅनिझम (भूकंपाच्या लाटांवरून काढलेलं, खडक कोण्या दिशेनं सरकला त्याचं चित्र) लय कामी येते, पण एकट्या भूकंपावर भरवसा नको, जुना फॉल्ट (खडकातली भेग) तिरपा सरकला की त्या चित्रातले दाब-ताणाचे अक्ष फसवतात, बरेच भूकंप घेऊन इन्व्हर्जन कर, म्हंजे सगळ्यायले जुळंन असा एकच स्ट्रेस काढ. अन् रिफ्ट म्हणजे ताणच, असं काहून धरतं बापा? आपला नर्मदेचा पट्टा जुना रिफ्ट, तरी 1997 चा जबलपूरचा भूकंप दाबानंच झाला.