रोमन सिनेटरचा पगार किती होता?

प्रश्न : प्राचीन रोमचे सिनेटर म्हणजे आपल्या खासदारांसारखेच का हो? निवडून यायचे का, पगार किती मिळायचा? एखाद्याचं करिअर सांगाल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पगार शून्य! उलट सम्राटांच्या काळात सिनेटर व्हायला आधी स्वतःची किमान १० लाख सेस्टर्सची (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं) मालमत्ता लागायची. मतदारसंघ वगैरे भानगडच नाही, दरवर्षी २० क्वेस्टर (पैशांचे हिशेब बघणारे कनिष्ठ अधिकारी) निवडले जायचे, ते एक वर्ष काम केलं की साधारण ६०० जणांच्या सिनेटमध्ये एंट्री, बहुतेकांची तहहयात.

आता धाकटा प्लिनी घ्या. उत्तर इटलीतल्या कोमोचा, घराण्यातला पहिलाच सिनेटर, वेसुवियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये ज्याचे मामा गेले तोच हा. तरुणपणी सीरियात सैन्यात पोस्टिंग मिळालं तर तिथं साहेब तलवार नाही, पलटणींचे हिशेब तपासत बसले, आणि पुढंही तेच नशिबी आलं, आधी सैनिकांच्या पेन्शनचा खजिना, मग सरकारी खजिना. मधल्या काळात कोर्टात वकिली जोरात. इ.स. १०० मध्ये कॉन्सल झाला, पण दोनच महिन्यांसाठी, कारण तोवर हे मोठं पद वर्षभरात बऱ्याच जणांना वाटून देत. नंतर तर टायबर नदीच्या काठाची देखरेखही केली.

सम्राट डोमिशियनच्या जुलमी राजवटीत मित्रांना मारलं, हद्दपार केलं आणि आपल्यालाही धोका होता असं तो पत्रात लिहितो, पण त्याच काळात त्याचं प्रमोशन काही थांबलं नाही, तेव्हा हे जरा जपूनच वाचावं.

साधारण ११० च्या सुमारास सम्राट ट्राजननं त्याला आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाला गव्हर्नर म्हणून धाडलं, तिथल्या शहरांचे पैसे कुठं मुरतात ते बघायला. निकोमिडियात पाण्याच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स घालवून काम अर्धवट सोडलेलं! प्लिनीनं कळवलं तर ट्राजन म्हणे पाणी आणाच, पण पैसे कुणाच्या चुकीनं बुडाले तेही शोधा. त्याच शहरात मोठी आग लागली म्हणून प्लिनीनं फक्त १५० जणांचं अग्निशमन दल मागितलं, लक्ष ठेवीन असंही लिहिलं, तर नकार! असे गट पुढं राजकारण करतात म्हणे, बादल्या-साहित्य ठेवा आणि आग घरमालकांनाच विझवू द्या.