लोककथांची आवड असलेल्या विद्यार्थ्याने कॉलेजात स्वतःची ओळख कशी करून द्यावी?

तुमची अडचण थोडक्यात अशी: एफवायबीएला नुकताच प्रवेश घेतलाय, वर्गात ओळख करून देताना ‘मला लोककथा वाचायला आणि गोष्टी सांगायला आवडतात’ म्हटलं की समोरचे ‘अच्छा’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळतात. मग ही आवड सांगायची कशी, आणि मुंबईत राहून ती जपायची कशी? मी तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी घेऊन बीए करतेय. पहिल्या वर्षी याच ‘अच्छा’पाशी मीही अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘लोककथा’ हा शब्द बाजूला ठेवा. तो अभ्यासाचा शब्द आहे. कुठलीही आजी नातवाला ‘ये, लोककथा सांगते’ म्हणत नाही. तुम्हाला गोष्टी आवडतात ना, मग ओळख करून देताना त्यातली एक सांगाच. मी आता असं म्हणते: ‘मी भांडुपला राहते, आमचं मूळ सिंधुदुर्गातलं, आणि माझ्या आजीच्या माहेराजवळ एका देवाला लोक चपला वाहतात.’ एवढं बोलून थांबते. ‘चपला? त्या का?’ हा प्रश्न आला नाही असं अजून एकदाही झालेलं नाही.

तो देव म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडताना त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला आणि केळ्यांचा घड वाहायची रीत आहे. देवळात गेलात तर त्या चपला बघायला मिळतात. माणसाच्या पायात कधी येणार नाहीत एवढ्या असतात. मी हे सांगितलं तेव्हा माझ्या मागच्या बाकावरची आरे कॉलनीतल्या पाड्यावरची मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे वाघोबा आहे.’ तिच्या पाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खरोखरचे बिबटे फिरतात आणि तिच्या घरचे वाघोबाला पुजतात. आम्ही दोघी त्या दिवसापासून मैत्रिणी आहोत. ‘आवड: लोककथा’ असं म्हणून बसले असते तर माझ्या मागच्या बाकावर तीन वर्षं वाघोबा बसलाय हे मला कळलंही नसतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही पहिल्याच वर्षाला आहात आणि ती तुम्हाला टाळता येईल.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी आजीकडून वेतोबाची गजाल लिहून घेतली. (मालवणीत गोष्टीला, गप्पांना गजाल म्हणतात.) आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती, मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ती सांगत होती की तिच्या माहेरच्या शेजारचा एक म्हातारा रात्री दशावतार (कोकणातलं लोकनाट्य) बघून एकटा परतत होता, फणसाच्या वळणावर त्याला मागून चपलांचा आवाज आला, तो थांबला की आवाज थांबे, चालला की आवाज चाले. मध्येच ती त्या म्हाताऱ्याच्या सुनेबद्दल बोलली, मध्येच खडा सापडला तो बाजूला टाकला, मध्येच मला विचारलं की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. शेवटी म्हातारा घरी पोचला तेव्हा आवाज अंगणाच्या पायरीपाशी थांबला आणि माघारी गेला. त्याला पोचवायला आलेला होता तो.

मी ते सगळं ‘स्वच्छ’ केलं. सून काढली, कुकर काढला, म्हाताऱ्याचं नाव काढलं, आणि ‘एका गावात एक वृद्ध गृहस्थ राहत असत’ अशी सुरुवात करून कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी दोन पानं लिहिली. मोठ्या उत्साहात आजीला वाचून दाखवली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘ही गजाल माझी न्हय गो.’ आणि थोड्या वेळाने, ‘आणि तो खय गेलो?’

तो म्हातारा कुठे गेला, असं ती विचारत होती. तिच्या दृष्टीने ही गोष्ट वेतोबाची नव्हतीच. ती त्या माणसाची होती. त्याला तिने लहानपणी पाहिलेलं, त्याच्या अंगणात ती खेळलेली, आणि त्याने स्वतः ती गजाल तिच्या वडिलांना सांगितलेली. नाव, वळण, झाड, सून, हे सगळं म्हणजे साक्षीदार होते आणि मी एकेक करून ते सगळे हाकलले होते. उरलं ते कुठल्याही पुस्तकात छापता येईल असं काहीतरी, म्हणजे कोणाचंच नाही असं काहीतरी.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: गोष्ट सांगणाऱ्याला गोष्टीबाहेर काढायचं नाही. कोणी सांगितली, तिला किंवा त्याला कोणी सांगितली होती, सांगताना हात काय करत होते, कुठे थांबली, कुठे हसली, हे पहिल्या ओळीतच लिहायचं. लोककथांची आवड म्हणजे माझ्या मते मुळात माणसांची आवड, आणि ओळख करून देताना तेच सांगितलं तर ते सगळ्यांना कळतं.

हे फक्त माझ्या आजीपुरतं नाही. फोर्टला हुतात्मा चौकात जे फ्लोरा फाउंटन आहे, ते आधी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ओळखलं जाणार होतं. याच फ्रिअरची मुलगी मेरी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर निघाली. तंबूतला मुक्काम, मोठा लवाजमा, आणि त्यात तिच्याखेरीज बाई एकच, तिची आया अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. वेळ जावा म्हणून अ‍ॅनाने तिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. मेरीने त्या लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाने पुस्तक निघालं. भारतात प्रत्यक्ष सांगणाऱ्याच्या तोंडून घेतलेल्या कथांच्या इंग्रजी संग्रहांत ते अगदी सुरुवातीचं. मला त्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? राजे-राण्यांच्या गोष्टींआधी अ‍ॅनाने स्वतःची हकिगत सांगितली आहे, तिचं घराणं, तिची आजी, तिची नोकरी, तिची दुःखं. गव्हर्नरच्या घरातल्या एका आयेचं आयुष्य आज आपल्याला माहीत आहे, ते तिला गोष्टी येत होत्या म्हणून आणि लिहिणारीने तिला पुसून टाकलं नाही म्हणून. फाउंटनपाशी बस पकडताना मला दर वेळी अ‍ॅना आठवते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचंही तेच. एक लाखाच्या वर ओव्या आहेत, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. रात्री हेडफोन लावून एखादी ऐका. दळणाची घरघर आणि त्यावर चढणारा आवाज ऐकला की ओवीची ओळ जिथे मोडते तिथेच का मोडते ते न शिकवता समजतं.

वर्गात गप्पा सुरू करायला माझी हमखास गोष्ट म्हणजे म्हातारी आणि भोपळा. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ ही आपल्या सगळ्यांना दुधाच्या दातांपासून पाठ असते, आणि आपल्याला वाटतं ती आपलीच. आमच्या वर्गातल्या बंगाली मुलीला मी ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणून दाखवलं तर ती उडालीच. तिच्याकडेही म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत जनावरं अडवतात आणि परतताना ती दुधीभोपळ्यात बसून गडगडत येते. पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे आणि भोपळ्याच्या जागी ढोल. इराणमध्ये पुन्हा म्हातारी, पुन्हा भोपळा, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह. जगभरच्या अशा सारख्या कथांची एक यादीच आहे. फिनलंडच्या आर्नेने १९१० मध्ये ती सुरू केली, अमेरिकेच्या थॉम्पसनने वाढवली, आणि २००४ मध्ये जर्मनीच्या ऊथरने नव्याने मांडली. यादी उपयोगी आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नका. आधी दहा माणसांकडून एकच भोपळा ऐका. कोणाची म्हातारी काठी टेकते, कोणाची तूपरोटीऐवजी शिरापुरी खाते, कोणाचा वाघ शेवटी फसतो तर कोणाचा म्हातारीला खातो. (हा शेवट मला एका रिक्षावाल्या काकांनी सांगितला, मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला.)

‘मुंबईत कुठे आल्यात लोककथा’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते खरं नाही. लाला लजपतराय मार्गावरून हाजीअलीला जाताना तुम्ही एका लोककथेवरूनच जाता. अठराव्या शतकात, गव्हर्नर हॉर्नबीच्या वेळी, वरळीपाशी समुद्र अडवायला बांध घालत होते आणि तो पुन्हा पुन्हा खचत होता. सांगतात की कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली: आम्ही पाण्यात आहोत, आम्हाला वर काढा. खाडीतून मूर्ती निघाल्या, मग बांध टिकला आणि देवींसाठी महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. बांध हा इतिहास आहे, स्वप्न ही कथा आहे, आणि मला दोन्ही सारखीच महत्त्वाची वाटतात. इतक्या वेळा वाहून गेलेलं काम शेवटी टिकलं, याचं समाधान लोकांना दगड-चुन्याच्या हिशोबातून मिळालं नाही, म्हणून त्यांनी समुद्राशी तडजोड झाल्याची गोष्ट रचली. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा नारळ वाहतात, तीही तीच तडजोड आहे.

बाकी, शहरात चाकरमान्यांबरोबर सगळं आलेलंच आहे. मुंबईतल्या नाट्यगृहांत शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन गटांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे, सामने होतात, दशावताराचे प्रयोग लागतात. दशावतार एकदा नक्की बघा, कारण त्यात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं जागच्या जागी. गोष्ट सांगणं म्हणजे काय हे तिथे तुम्हाला एका रात्रीत जेवढं दिसेल तेवढं वर्गात वर्षभरात दिसणार नाही. अभ्यास म्हणून पुढे जायचं मनात आलं तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. आणि लेखिका दुर्गा भागवत आपल्याच शहरात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून वर्षानुवर्षं लोकसाहित्य वाचत होत्या हेही लक्षात असू द्या, विशेषतः कोणी ‘यात पुढे काय?’ असं विचारलं तर.

सुरुवात मात्र घरातून, नाहीतर मजल्यावरून करा. श्रावण हा उत्तम काळ. अजून कितीतरी घरांत शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचतात. ‘आटपाट नगर होतं’पासून ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंत शांत बसून ऐका, आणि मग वाचणाऱ्या काकूंना विचारा की पुस्तक नव्हतं तेव्हा त्यांची आई ती कशी सांगायची. खरी कहाणी तिथून सुरू होते. फोन तोंडासमोर धरू नका, हातातलं काम थांबवायला लावू नका, उलट शेंगा सोलायला बसा. ‘तुम्हाला काही लोककथा येतात का?’ विचारलंत तर ‘नाही हो’ हेच उत्तर येईल. ‘तुमच्या गावाला चकवा (रात्री वाट चुकवणारं भूत) लागायचा का?’ विचारून बघा. आणि लिहिलेलं परत नेऊन वाचून दाखवा, दर वेळी. ते कोणाचं आहे हे तेव्हाच कळतं.

मी आजीची गजाल दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा म्हाताऱ्याचं नाव परत आणलं, सून आणली, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ठेवल्या. गणपतीला गावी गेलो होतो तेव्हा ओटीवर बसून तिला वाचून दाखवली. या वेळी ती मान हलवत ऐकत होती, एका ठिकाणी म्हाताऱ्याच्या वाक्याआधीच ते वाक्य तिने म्हटलं. मग एकदाच मला थांबवलं.

‘फणस न्हय गो, आंबो.’

घरी येऊन मी जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात ती स्पष्टपणे फणस म्हणते. वहीत मी दोन्ही झाडं ठेवली आहेत, शेजारी तारखा घालून.