घर सजवताना स्वतःची आवड नेमकी कशी ओळखावी?

तुम्ही लिहिले आहे की नवा फ्लॅट घेतला, मोबाईलवर घरांची शेकडो चित्रे पाहिली, प्रत्येक चित्र तेवढ्यापुरते आवडते आणि आता आपल्याला नेमके काय हवे तेच कळेनासे झाले आहे. माझे स्पष्ट मत आहे की चित्रे पाहणे महिनाभर पूर्ण बंद करावे. त्या चित्रांतल्या दिवाणखान्यात कोणी भाजी निवडत बसलेले नसते, पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळत नसतात आणि पाहुण्यांसाठी चार गाद्या कोठे ठेवायच्या हा प्रश्न तेथे कोणाला पडलेला नसतो. आपली आवड ही आपण दिवसभरात काय हाताळतो, कोठे टेकतो आणि कोणती वस्तू हरवली तर जेवण गोड लागत नाही, यावरून ठरत असते. हे मला कळायला २०१९ चा पूर यावा लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. खाली माजघर, स्वयंपाकघर आणि वर माडी, कडीपाटाचे म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचे छत, शहाबादी फरशी, माजघराच्या भिंतीत सागवानी दारांचे फडताळ आणि मधल्या तुळईला पितळी कड्यांचा झोपाळा. २०१६ मध्ये सासूबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या दिरांनी घर नवे करण्याचा आग्रह धरला. ते बांधकामाच्या व्यवसायात आहेत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला घरात वजन होते. सजावटकार त्यांनीच आणला. कडीपाटाखाली पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) छत आले, फडताळावर प्लायचे पॅनेल ठोकून त्यावर टीव्ही बसवला, फरशीवर चकचकीत टाइल्स आल्या आणि झोपाळा उतरवून त्याच्या कड्या मोडीत वजनावर दिल्या. मी झोपाळ्यासाठी दोन दिवस भांडले. “वहिनी, झोपाळ्याने अर्धी खोली अडते, आता असे कोणी ठेवत नाही,” असे ते म्हणाले आणि माझे यजमान गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे मला आजही वाईट वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा वीज गेलेली होती आणि माडीवर सामान नेण्यासाठी आमच्या हातात फार तर दोन तास होते. कागदपत्रे, धान्य आणि देव नेल्यानंतर आम्ही दोघांनी काय नेले, ते मी नंतर वहीत लिहून ठेवले: सासऱ्यांचा मिरजेत घडवलेला तंबोरा, त्याच्या भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गुंडाळलेल्या दोन वाकळा, पाच पाट, काठवट, समई आणि माझे शिवणयंत्र. भिंतीला ठोकलेले फर्निचर हलवता येणार नव्हते हे खरे. पण फुलदाण्या, चौकटीतली चित्रे, शोभेचे दिवे, उशा यांतली एकही वस्तू उचलावी असे दोघांपैकी कोणालाही सुचले नाही. त्या वस्तूंवर आम्ही बराच पैसा खर्च केला होता.

पाणी ओसरल्यावर घरात छातीच्या उंचीपर्यंत गाळाची रेघ उमटलेली होती. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे फुगून त्यांचे थर सुटले होते आणि प्लायचे पॅनेल हाताने ओढताच निघून आले. त्याच्या मागे आमचे फडताळ जसेच्या तसे उभे होते. बिजागऱ्या गंजल्या होत्या, दारे फुगून घट्ट बसली होती, पण ती उतरवून उन्हात न टाकता सावलीत हळूहळू वाळवल्यावर पुन्हा चपखल लागली. ओलीने बुरशी धरलेले पीओपीचे छत काढले, तर तुळईत झोपाळ्याचे चारही हूक तसेच होते. त्या खाली मी किती वेळ उभी होते, ते मला सांगता येणार नाही.

दीर अजूनही म्हणतात की पुरात कोणतेही घर खराब होते, त्यावरून आवडीचा निवाडा करता येत नाही. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. प्लाय वाईटच असतो असे नाही. ओलाव्यासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय मिळतो, आमच्याकडे साधा लावला गेला. सागवान आज सर्वांना परवडत नाही, आणि सगळेच सजावटकार घरमालकाचे न ऐकणारे नसतात, हेही नमूद करते. पण ज्या घरात रोज वावरायचे ते वावरणाऱ्या बाईला न विचारता बदलले गेले, हा मुद्दा पुराच्या आधीही खरा होता आणि त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर दोन तासांत नेता येतील अशा दहा वस्तूंची यादी घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळी लिहावी आणि मगच सुताराला बोलवावे. रंगांबाबत अडलात तर कपाटातल्या रोजच्या वापराच्या साड्या बाहेर काढून पाहा. माझ्या साड्यांत विटकरी आणि हळदी रंग इतके होते की भिंतीचा प्रश्न तेथेच सुटला. आम्ही वखारीतून सागवानाची फळी आणून लोखंडी कड्यांचा झोपाळा पुन्हा टांगला आहे. तुम्हालाही तो हवा असेल तर हूक कोठे आणि कसे बसवायचे ते आधी स्थापत्य अभियंत्याला विचारा, आणि ते काम पीओपी करण्यापूर्वी उरका.