हेडबँडवर अल्फा वाढला म्हणजे ध्यान लागलं का?

प्रश्न असा आहे: मेंदूच्या विजेच्या लहरी (ईईजी) टिपणारा हेडबँड घालून वीस मिनिटं ध्यानाला बसलं की हेडबँडच्या अ‍ॅपमध्ये अल्फा लहरी वाढलेल्या दिसतात, शेवटी शेवटी थीटाही येतात. तर मेंदू वेगळ्या अवस्थेत गेला असं समजायचं का? आणि जाणिवेत नेमकं काय बदलतं?

अल्फा वाढला, कारण तुम्ही डोळे मिटलेत. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरने १९२९पासून छापलेल्या निबंधांत हे आहे, आणि १९३४ साली एड्रियन व मॅथ्यूज यांनी ते पडताळून दाखवलं: डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची (हर्ट्झची) लय उमटते, उघडले की मोडते. ध्यान न करणाऱ्या कुणालाही डोळे मिटून स्वस्थ बसवा, तेच दिसेल. काही निरोगी माणसांत तर अल्फा जवळजवळ नसतोच; त्यांना या अ‍ॅपवर जन्मात ध्यान लागायचं नाही. ‘अल्फा म्हणजे ध्यान’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं ते यासाठी.

त्यात हेडबँडचे संवेदक बसतात कपाळावर आणि कानामागे. अल्फा सगळ्यात ठळक असतो तो मागे, ओ-१ आणि ओ-२ या जागांवर. कपाळाच्या संवेदकाखाली असतो कपाळाचा स्नायू आणि त्याखाली डोळा. बुबुळाची पुढची बाजू मागच्या बाजूच्या तुलनेत धनभारित असते, त्यामुळे पापणी एकदा लवली की शंभर मायक्रोव्होल्टच्या वरची लाट येते. मेंदूची आपली लय बहुधा त्याहून लहान. प्रयोगशाळेत आपण त्वचा घासून, जेल भरून त्वचेचा विद्युतरोध ५ किलोओहमच्या खाली आणतो, तरी हे सगळं हाताने वेचून काढावं लागतं. कोरड्या पट्टीकडून काय अपेक्षा ठेवणार?

आता थीटा, म्हणजे अल्फाहून संथ लहरी. इथे जरा थांबतो, कारण सगळी गडबड इथेच होते. शेवटच्या पाच मिनिटांत थीटा वाढला तर पहिला संशय झोपेवर घ्यायचा. पडद्यावर ते असं दिसतं: आधी ओ-१, ओ-२वर अल्फाची सलग माळ. मग ती तुटायला लागते. दोन सेकंद आहे, तीन सेकंद नाही. मधल्या जागेत कमी उंचीची, ४ ते ७ हर्ट्‌झची रेघ. त्याच वेळी कानशिलांजवळच्या एफ-७ आणि एफ-८वर संथ लाट सुरू होते, एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. ही लाट मेंदूतून येत नाही. मिटल्या पापण्यांआड बुबुळं सावकाश डावी-उजवीकडे घरंगळत असतात. नोंदीच्या तीस सेकंदांच्या पानात निम्म्याहून जास्त वेळ अल्फा गायब असेल तर त्या पानाला एन-१, म्हणजे झोपेचा पहिला टप्पा, म्हणायचं. पुढे टाळूवर, सी-झेडला, टोकदार लाटा येतात. आणि अर्धा सेकंद किंवा जास्त टिकणारी, ११ ते १६ हर्ट्‌झची, दोन्हीकडे निमुळती गाठ दिसली की एन-२, म्हणजे दुसरा टप्पा. निखळ झोप. पाठ मात्र ताठच असते, मान थोडीशी झुकलेली.

अशा वेळी हाक मारून विचारलं तर एन-१मधली बरीच माणसं ‘झोपलो नव्हतो’ म्हणतात. विचार थांबले होते, वेळेचं भान नव्हतं, अंग हलकं झालं होतं, असं सांगतात. ती खोटं बोलत नसतात; एन-१ आतून तसंच वाटतं. १९७६ साली पगानो आणि सहकाऱ्यांनी भावातीत ध्यानाच्या पाच अनुभवी साधकांच्या नोंदी तपासल्या, तर ध्यानाचा सुमारे ४० टक्के वेळ झोपेच्या दुसऱ्या ते चौथ्या टप्प्यात गेलेला. यावर साधक मंडळी चिडतात. चिडू द्या. डोळ्यांच्या हालचालींची नोंद नसलेला ‘खोल ध्याना’चा आलेख मी तरी मानत नाही.

दुसरा लाडका दावा गॅमाचा, म्हणजे सगळ्यात जलद लहरींचा. २००४ साली लुट्झ, डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी १०,००० ते ५०,००० तास साधना केलेल्या आठ बौद्ध साधकांत करुणाध्यानाच्या वेळी मोठा गॅमा मोजला. निबंध काळजीपूर्वक केलेला आहे, तो मी टाकून देत नाही. पण अडचण स्नायूंची. जबडा, कानशील, कपाळ यांच्या स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्‌झपासून वर पसरलेली असते, म्हणजे नेमकी गॅमाच्या पट्ट्यावरच. २००७ साली व्हिटहॅम आणि सहकाऱ्यांनी जाग्या स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून पाहिलं: टाळूवर मोजलेला २० हर्ट्‌झच्या वरचा बहुतेक भाग नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या सूक्ष्म झटक्यांमुळेही खोटा गॅमा दिसतो हे समोर आलं. स्वतः बघायचं असेल तर नोंद चालू असताना दात पाच सेकंद हलकेच आवळा. गॅमा हवा तेवढा मिळेल.

मग उरतं काय? उरतं, पण माफक. एकाग्रतेच्या वेळी कपाळाच्या वरच्या मध्यरेषेवर, एफ-झेडला, थीटा वाढतो. तो खरा; मात्र मनातल्या मनात हजारातून सात-सात वजा करत गेलात तरी वाढतो. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे हे दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, ब्रूअर यांच्या २०११च्या अभ्यासात, अनुभवी साधकांमध्ये मन भटकताना कामाला लागणाऱ्या जाळ्याचे दोन मुख्य भाग शांत दिसले: पोस्टीरियर सिंग्युलेट आणि मधला प्रीफ्रंटल. हा मला सगळ्यात पटणारा धागा. तरी एक खोच राहतेच. एफएमआरआय मोजतो रक्तातला प्राणवायू, आणि ध्यानात श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. श्वासाचा पट्टा आणि कार्बन डायऑक्साइडचं मापन नसेल तर श्वासाचा परिणाम कुठे संपला आणि ध्यानाचा कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही.

आठ आठवड्यांत मेंदूचा करडा भाग (ग्रे मॅटर) वाढतो ही बातमीही विसरा. २०२२ साली दोनशेहून अधिक माणसांवर, यादृच्छिक गट पाडून तपासलं तेव्हा तसा बदल सापडला नाही.

घरच्या यंत्रावर तुलना करायचीच असेल तर ‘आधी नुसतं, मग ध्यान’ असं करू नका. वेळ जाईल तशी गुंगी वाढते आणि तिचं श्रेय ध्यानाला जातं. पाच मिनिटं डोळे मिटून मन हवं तिकडे सोडा, पाच मिनिटं ध्यान, आणि हे आलटून पालटून चार फेऱ्या. पुढच्या वेळी सुरुवात ध्यानाने. प्रत्येक तुकड्याचा पहिला मिनिट सोडून द्या. चिमटीत किल्ली धरून बसा, पडली तर तो तुकडा बाद. जेवणानंतर लगेच किंवा झोप अपुरी असताना नोंद घेऊ नका. एवढं करूनही फरक उरला, तर बोलू.

जाणिवेचं विचाराल तर लहरींवरून ती वाचता येत नाही. १९६१ साली दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि सिंग यांना दिसलं की समाधीतल्या योग्यांचा अल्फा बाहेरच्या उद्दीपनाने मोडत नाही. १९६६ साली कासामात्सु आणि हिराई यांना झेन भिक्षूंमध्ये उलटं दिसलं: टिकटिक कितीही वेळा वाजवली तरी अल्फा दर वेळी मोडतो, सवय होत नाही. एक परंपरा इंद्रियं आत ओढते, दुसरी उघडी ठेवते, म्हणून हा फरक, अशी सुंदर जुळणी लावली गेली. १९८१ साली बेकर आणि शापिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यानवाल्यांना शेजारी शेजारी तपासलं, आणि सवय होण्यात फरकच मिळाला नाही. जुळणी मात्र अजून सांगितली जाते.

याचा अर्थ ध्यान फुकट आहे असा काढू नका. लक्ष भटकलं हे लवकर कळणं आणि परत आणणं, हे कसब सरावाने सुधारतं आणि त्यासाठी पट्टी लागत नाही. दीर्घ शिबिरांत काहींना आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, भीती, झोप उडणं असा त्रासही होतो. पूर्वी सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) किंवा उन्माद झाला असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक मौनात बसू नका. आणि जलद श्वासाचे प्रकार वेगळे धरा. ईईजीच्या खोलीत रुग्णाला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो ते अपस्माराचे दडलेले झटके बाहेर यावेत म्हणूनच. कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्तवाहिन्या आकसतात, लहरी संथ होतात, बोटांना मुंग्या येतात. अपस्मार, हृदयविकार, नुकताच झालेला पक्षाघात किंवा गर्भारपण असेल तर हे प्रकार मनाने करायचे नाहीत.