राग येतो, म्हणजे मी या कामाला नालायक?

"मॅडम, मला त्या मुलाचा राग येतो. मग मी कसला प्रशिक्षक?" बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना शिकवायला आपणहून जाणारी कितीतरी माणसं माझ्यासमोर, समुपदेशकाच्या खोलीत, हेच बोलली आहेत. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, खाली गेलेली मान तीच असते. म्हणून एका सरांबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर निवृत्त पीटी शिक्षक. उभी हयात खो-खोचे संघ घडवण्यात गेलेली. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धेसाठी ५० मीटर धावण्याचा सराव घ्यायला ते आठवड्यातून तीनदा विशेष शाळेच्या मैदानावर जात. तिथला १९ वर्षांचा एक मुलगा झकास सुटायचा आणि शेवटच्या रेषेच्या चार पावलं अलीकडे थबकायचा. दोन महिने हेच. एकदा सर त्याच्यावर खेकसले. तो कान झाकून खाली बसला. त्या रात्री सरांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

"त्याने रेषा ओलांडलीच पाहिजे ना?"

"आणि तुम्हाला राग आला तर?"

"यायलाच नको. देवाघरची फुलं ही."

'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. त्यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी वीस वर्षांची श्रद्धा आहे, त्यामुळे असा 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. मी म्हटलं, "सर, खो-खोच्या पोरांवर कधी चिडला नाहीत?"

"रोज!"

"तेव्हा स्वतःला नालायक ठरवलंत?"

ते बराच वेळ गप्प बसले. फुलांकडून कोणी सराव करून घेत नाही. या मुलाला घाम येतो, कंटाळा येतो, जिंकावंसं वाटतं. खेळाडू म्हटलं की त्याच्यावर कधीतरी चिडणंही आलंच. खेकसलं ते चुकलं, त्याची माफी मागता येते. पण राग आला म्हणून स्वतःवर खटला भरला, की माणूस त्या खटल्यातच अडकतो आणि समोरचा मुलगा दिसेनासा होतो.

तिसऱ्या भेटीत सर हलके वाटले. मी म्हटलं, "तो थांबतो तेव्हा तुम्ही काय करत असता? करून दाखवा." ते दाराशी जाऊन उभे राहिले. डाव्या मुठीत स्टॉपवॉच, उजवा हात वर, पंजा उघडा. "ये! ये!" ओरडता ओरडता त्यांची नजर स्वतःच्याच पंजावर गेली आणि हात तसाच राहिला.

"मॅडम... वर्गात बाई असाच पंजा दाखवतात. 'थांब' म्हणून."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी फार उशिरा शिकले.

तो मुलगा दोन महिने अगदी मनापासून सांगितलेलं ऐकत होता.

तुम्हीही जात असाल तर एवढं करा. एका वेळी एकच सूचना द्या, आधी स्वतः करून दाखवा, मग थांबा. उत्तर उशिरा येतं, तोवर दुसरी सूचना लादू नका. १९ वर्षांच्या तरुणाशी बोबडं बोलू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेचे वरचे सांधे काही वेळा सैल असतात, म्हणून कोलांटउडी किंवा पाण्यात सूर मारणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. या स्पर्धांत वय आणि क्षमता पाहून गट पाडतात, संथ धावणारा त्याच्यासारख्याच धावपटूंबरोबर धावतो. तेव्हा तुमच्या जुन्या संघाचं माप इथे आणू नका. राग चढला तर मुलाला सहकाऱ्याकडे सोपवून दोन मिनिटं बाजूला व्हा, पाणी प्या, परत या.

सरांनी पुढच्या सरावाला हात पाठीमागे बांधले. रेषेच्या पलीकडे दहा पावलांवर आपली टोपी ठेवली आणि मुलाला ती एकदा उचलून दाखवली. तो रेषा ओलांडून थेट टोपीवर गेला, ती डोक्यावर चढवून सरांना कडकडून भेटला.

"किती सेकंद लागले?" मी विचारलं.

"घड्याळ लावायचं राहूनच गेलं, मॅडम."